पणजीचं नाव काय?

मुलांनो, एक कागद घ्या आणि आपल्या घराण्याची वंशावळ लिहा पाहू! बाबा, आजोबा, पणजोबा... इथपर्यंत पेन्सिल भराभर चालेल. आता पणजोबांच्या शेजारी पणजीचं नाव लिहा. तिचं माहेर कुठलं, लग्नाआधीचं नाव काय, तेही लिहा. थांबलात ना?

जुन्या वंशावळीत बहुधा फक्त मुलगे असतात. लेकी-सुना त्यातून गळून गेलेल्या असतात. मग त्यांना शोधायचं कुठं? तर ज्या जागेची मोठ्यांनाही भीती वाटते तिथं, म्हणजे कोर्टाच्या कागदांत! घरात सारं गोडीगुलाबीनं चाललेलं असतं तेव्हा कुणी काही लिहून ठेवत नाही. पण जमिनीवरून वाद झाला की प्रश्न येतो, 'मयताचे वारस कोण?' मग बायको, मुली, विधवा सून, साऱ्यांची नावं कागदावर उमटतात.

मुंबईच्या रखमाबाईंचंच पाहा. त्यांचा जन्म १८६४चा. अकराव्या वर्षी लग्न झालं, पण त्यांनी सासरी नांदायला नकार दिला. १८८४ साली पती दादाजी भिकाजी मुंबई हायकोर्टात गेले. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूनं निकाल दिला. त्याच वर्षी 'टाइम्स ऑफ इंडिया'त बालविवाहाविरुद्ध पत्रं आली. खाली सही होती, 'एक हिंदू स्त्री'. ती रखमाबाईंचीच! पुढे अपील झालं आणि १८८७ साली हुकूम निघाला, 'नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग.' त्या तुरुंगात जायला तयार झाल्या. अखेर १८८८ साली तडजोड झाली. नंतर त्या लंडनला शिकून डॉक्टर झाल्या आणि सुरतेला रुग्णसेवा केली. हे सगळं आज कळतं ते कोर्टाच्या निकालांमुळे आणि जुन्या वर्तमानपत्रांमुळे.

या खटल्यातून आपल्यासारख्या शोधकांना दोन धडे मिळतात. पहिला : निकालांच्या छापील पुस्तकात हा खटला 'दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई' असा आहे. आडनाव कुणाचंच नाही! भिकाजी हे वडिलांचं नाव. तेव्हा नुसतं आडनाव शोधत बसू नका. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, गाव, सगळं शोधा. इंग्रजी स्पेलिंगही वेगवेगळी करून पाहा. दुसरा धडा : टिळकांच्या 'केसरी'नं रखमाबाईंच्या विरोधात लिहिलं होतं. म्हणजे एकच पेपर किंवा एकाच पक्षाची कैफियत वाचून पणजोबांना हिरो किंवा खलनायक ठरवू नका. दुसरी बाजूही वाचा.

आनंदनगरात राहून सुरुवात कशी करायची? आधी घरातली जुनी ट्रंक उघडा. सातबारा आणि फेरफारात वारसांची नावं असतात. वर्तमानपत्रातली 'जाहीर नोटीस' वाचा. अंबरनाथ-बदलापूरकडे जमीन विकली जाताना अशा नोटिसांमध्ये कधी कधी अख्खं कुटुंब सापडतं. उल्हासनगरचा सिंधी मित्र असेल तर त्याच्या आजोबांना विचारा. फाळणीनंतर मागे राहिलेल्या घराच्या भरपाईसाठी अनेकांनी सरकारकडे दावे केले होते. त्या कागदांत सिंधमधलं गाव आणि घर सापडू शकतं.

मग मोठ्या माणसाला सोबत घेऊन लोकल पकडा. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४चं, म्हणजे रखमाबाईंच्या वयाचं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं. तिथं जुन्या अंकांची चौकशी करा. मुंबईत सरकारी अभिलेखागार आहे. कागद मोडी लिपीत निघाला तर घाबरू नका. मोडी शिकवणारे वर्ग आजही भरतात.

१ मे २०२४पासून जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदपत्रांवर आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव येतं. त्यांच्या पतवंडांना पणजीचं नाव शोधत फिरावं लागणार नाही. तुम्हाला मात्र शोधावं लागेल. तेव्हा आज संध्याकाळी आजीजवळ बसा आणि पहिला प्रश्न विचारा, "आजी, तुझ्या आईचं नाव काय गं?" उत्तर लगेच लिहून ठेवा. तारीख टाकायला विसरू नका!