ईश्वरी कृपा आणि आध्यात्मिक तृप्ती : रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या अनुभवाच्या आधारे

प्रस्तावना :
'कृपा' हा शब्द वऱ्हाडातील वाचकास अपरिचित नाही. कौंडण्यपूरहून पंढरीस जाणारी पालखी आणि माधानच्या संत गुलाबराव महाराजांचे वाङ्मय यांनी तो येथील लोकमानसात रुजविला आहे. अकोला व अमरावती येथील मराठी चर्चच्या उपासनेतही हाच शब्द येतो. तेथील त्याचा नेमका आशय प्रस्तुत लेखात स्पष्ट केला आहे.

कृपेची संकल्पना :
ख्रिस्ती विचारानुसार कृपा म्हणजे मनुष्याच्या पात्रतेवर अवलंबून नसलेले ईश्वरी दान होय. संत पौलाने इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात तारण हे कर्माचे फळ नसून विश्वासाद्वारे लाभणारे दान असल्याचे प्रतिपादिले आहे. म्हणजेच सत्कर्म हे कृपेचे मूल्य नसून तिचा परिणाम ठरते.

टिळकांचा अनुभव :
नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) जातिभेदरहित धर्माच्या शोधात होते. १८९३ मध्ये राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका सहप्रवाशाने त्यांना 'नवा करार' दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. संत तुकारामांशी असलेले नाते मात्र त्यांनी तोडले नाही. अभंगाच्या छंदातूनच त्यांची ख्रिस्तभक्ती प्रकटली.

या तृप्तीची किंमत कुटुंबासही मोजावी लागली. पत्नी लक्ष्मीबाई कित्येक वर्षे विभक्त राहिल्या. त्यांचे परिवर्तन स्वतंत्र विचारातून झाले. जातिभेद ईश्वरनिर्मित नाही, ही जाणीव त्यांना आधी झाली आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात त्यांनी ते दुःख लपविलेले नाही. पुढे १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली व बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही सामावून घेणारा 'देवाचा दरबार' स्थापन केला.

निष्कर्ष :
आध्यात्मिक तृप्ती म्हणजे दुःखाचा अभाव नव्हे. पात्रता सिद्ध करण्याच्या धडपडीतून झालेली ती मुक्तता होय. अशी मुक्तता लाभलेले मन सेवेकडे वळते. परतवाड्याजवळील कोठारा येथे ख्रिस्ती मिशनने चालविलेली कुष्ठरुग्णसेवा याच विचाराची साक्ष देते. तथापि, एकाची तृप्ती दुसऱ्यावर लादता येत नाही, हे लक्ष्मीबाईंच्या जीवनावरून स्पष्ट होते. कृपा हे दान असेल, तर ते स्वीकारण्याचे स्वातंत्र्यही तितकेच मोलाचे ठरते.