वलंगकर, गोपाळबाबा

(सु. १८४०–१९००). महाराष्ट्रातील अस्पृश्यतानिवारण चळवळीचे एक आद्य प्रवर्तक, निवृत्त सैनिक आणि महाड तालुका लोकल बोर्डाचे सदस्य. त्यांचा जन्म महाडजवळील रावढळ (जि. रायगड, पूर्वीचा कुलाबा) येथे एका महार कुटुंबात झाला.

कोकणातील महारांच्या वाट्याला वेसकरी, सांगावा पोहोचविणे, मृत जनावरे ओढणे अशी गावकामे असत. त्यांचा मोबदला तुटपुंजा व गावाच्या मर्जीवर अवलंबून असे. या चाकोरीतून बाहेर पडण्याची वाट मुंबई लष्कराने दिली. कोरेगाव येथील लढाईच्या (१ जानेवारी १८१८) स्मारकस्तंभावर महार सैनिकांची नावे कोरलेली आहेत. पलटणीत नियमित वेतन, थोडेबहुत शिक्षण आणि अखेरीस निवृत्तिवेतन मिळे. यांपैकी निवृत्तिवेतनाचे महत्त्व विशेष मानावे लागते. कारण गावकीवर पोट अवलंबून नसलेला मनुष्यच गावकीविरुद्ध बोलू शकत होता.

वलंगकर १८८६ मध्ये सैन्यातून निवृत्त होऊन दापोली येथे स्थायिक झाले. दापोलीच्या कॅम्प भागात निवृत्त सैनिकांची वस्ती होती, पुढे डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हेही निवृत्तीनंतर काही काळ तेथे राहिले. वलंगकरांवर महात्मा जोतीराव फुले यांच्या विचारांचा प्रभाव होता. त्यांनी दीनबंधु, सुधारक इ. पत्रांतून लेखन केले आणि १८८८ च्या सुमारास विटाळ विध्वंसन ही पुस्तिका लिहिली. अस्पृश्यतेला आधार कोणता, असा जाब तीत उच्चवर्णीयांना प्रश्नरूपाने विचारलेला आहे. अनार्य दोषपरिहारक मंडळी ही संस्थाही त्यांनीच स्थापन केली.

लष्कराच्या पुनर्रचनेत ‘लढाऊ जाती’ची कल्पना बळावली आणि १८९२-९३ च्या सुमारास महारांची सैन्यभरती थांबली. पुढील पिढीची वाटच त्यामुळे खुंटली. ही भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून वलंगकरांनी १८९४ मध्ये मंडळीच्या वतीने सरसेनापतीस उद्देशून विनंतीपत्र तयार केले. तथापि महारांची स्वतंत्र पलटण उभी राहण्यास १९१७ साल उजाडावे लागले आणि तीही १९२१ मध्ये विसर्जित झाली.

महाड तालुका लोकल बोर्डावर त्यांची नियुक्ती १८९५ मध्ये झाली. लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावानंतर मुंबई इलाख्यात १८८४ च्या कायद्याने तालुका व जिल्हा लोकल बोर्डांची पुनर्घटना झाली होती. त्यांतील काही सदस्य निवडलेले, तर काही सरकारनियुक्त असत. मताधिकार मालमत्तेशी निगडित असल्याने अस्पृश्य उमेदवारास निवडणुकीचा मार्ग जवळजवळ बंदच होता. वलंगकर लोकनियुक्त सदस्य नव्हते, हे त्यांना ‘पहिले अस्पृश्य लोकप्रतिनिधी’ म्हणून गौरविणाऱ्यांनी ध्यानात घेतले पाहिजे; परंतु त्यामुळे घटनेचे महत्त्व कमी होत नाही. स्थानिक रस्ते, विहिरी, तळी व प्राथमिक शाळा यांची व्यवस्था ही या बोर्डांची कामे होती. ज्या पाणवठ्यांना अस्पृश्यांनी स्पर्श करावयाचा नाही, त्यांच्याविषयी निर्णय घेणाऱ्या बैठकीत एक अस्पृश्य बरोबरीच्या नात्याने बसणार होता. ही नियुक्ती उच्चवर्णीय सदस्यांना रुचली नाही आणि तिच्यावर वृत्तपत्रांतून बरीच चर्चा झाली. कायद्याने दिलेली जागा आणि समाजाने मान्य केलेली जागा यांतील अंतर या वादाने उघड केले.

वलंगकरांचे निधन रावढळ येथे १९०० मध्ये झाले. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत केला व १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळ्यासंबंधी तसा निर्णय घेतला. पण तो कागदावरच राहिला. १९–२० मार्च १९२७ रोजी महाड येथे भरलेल्या परिषदेनंतर डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी त्या तळ्याकडे गेले. परिषदेस आलेल्यांत महार निवृत्त सैनिकही होते.