दोष नेमका कोठे आहे?

अहिल्यानगर जिल्ह्यातील पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धी नावाचे एक गाव आहे. हा प्रदेश कमी पावसाचा. पन्नास वर्षांपूर्वी उन्हाळा आला की या गावातील विहिरी कोरड्या पडत. गावात पाझर तलाव नव्हता असे नाही. तलाव होता, परंतु त्याचा बांध गळत असे आणि साठलेले पाणी टिकत नसे. १९७५ साली अण्णा हजारे सैन्यातील नोकरी संपवून गावी परतले. त्यांच्या पुढाकाराने ग्रामस्थांनी श्रमदान केले आणि तलावाची गळती दुरुस्त केली. पुढे तलावाच्या खालच्या अंगाच्या विहिरींना उन्हाळ्यातही पाणी राहू लागले. असलेले पाणी कोठून निसटते, याचा शोध घेतल्यामुळे हे साधले.

मुलांनो, ही रीत केवळ तलावाला लागू पडते असे नाही. आज अनेक घरांत व शाळांत संगणक आले आहेत. संगणकाचा पडदा एखादे दिवशी काळा पडतो, पिवळा दिसतो किंवा त्यावरील मराठी अक्षरे मोडकी उमटतात. अशा वेळी “पडदा गेला, आता नवा आणावा लागणार,” असे मोठी माणसेही म्हणू लागतात. नव्या पडद्याला काही हजार रुपये पडतात. तेव्हा पैसे खर्च करण्यापूर्वी दोष नेमका कोठे आहे, हे पाहणे शहाणपणाचे नव्हे काय?

त्यासाठी चित्र पडद्यावर कोठून येते, हे प्रथम समजून घेऊ. संगणकातील कार्यक्रम चित्र तयार करतो. संगणकाचा चित्रविभाग त्याचे विद्युतसंकेत बनवतो. ते संकेत केबलमधून पडद्याकडे जातात. आज सर्रास आढळणाऱ्या एका जातीच्या पडद्यावर आडव्या रांगेत १९२० आणि उभ्या रांगेत १०८० टिंबे असतात. म्हणजे एकूण २०,७३,६०० टिंबे झाली. प्रत्येक टिंबाचे तांबडा, हिरवा व निळा असे तीन भाग असतात. या तिन्हींचा प्रकाश कमीअधिक करून सर्व रंग साधले जातात आणि बहुतेक पडद्यांवर हे चित्र एका सेकंदात ६० वेळा नव्याने उमटते. कार्यक्रम, चित्रविभाग, केबल आणि पडदा असा हा पाट आहे. पाटाचे पाणी शेतात पोहोचले नाही, तर शेतकरी पाटाच्या कडेने चालत जाऊन फुटलेली जागा शोधतो. आपणही तसेच करावे.

पडदा अगदी काळा असेल, तर त्याच्या कडेचा छोटा दिवा पाहावा. दिवाच लागला नसेल, तर वीज पडद्यापर्यंत पोहोचलेली नाही. अशा वेळी बटण, प्लग व विजेची तार तपासावी. दिवा लागला आहे, परंतु ‘संकेत नाही’ अशा अर्थाचा मजकूर दिसतो, याचा अर्थ असा की पडदा जागा आहे. त्याला चित्र मात्र मिळत नाही. मग केबलची दोन्ही टोके काढून पुन्हा नीट बसवावीत आणि पडद्याच्या बटणाने योग्य जोडणी निवडली आहे की नाही, हे पाहावे. कधी कधी पडदा काळा भासतो. पण त्यावर तिरपा विजेरीचा झोत टाकला, तर पुसट चित्र दिसते. अशा पडद्यात चित्र तयार होत असते, केवळ त्यामागचा प्रकाश विझलेला असतो. याची दुरुस्ती कारागिराकडूनच करून घ्यावी. पडदा स्वतः कधीही उघडू नये. विशेषतः जुन्या काचनळीच्या पडद्यांत वीज बंद केल्यावरही धोकादायक विद्युतदाब साठून राहू शकतो.

पडद्याचे रंग बिघडले असतील, तर रंगच आपल्याला कारण सांगतात. जुन्या पद्धतीच्या, १५ टाचण्यांच्या केबलमध्ये तांबडा, हिरवा व निळा यांचे संकेत वेगवेगळ्या टाचण्यांतून जातात. निळ्याची टाचणी वाकली किंवा सैल झाली, तर तांबडा व हिरवा एवढेच उरतात. आणि या दोन रंगांचा प्रकाश मिसळला की पिवळा होतो. तांबडा नाहीसा झाला, तर पडदा निळसर हिरवा दिसतो. हिरवा नाहीसा झाला, तर जांभळट दिसतो.

या ज्ञानाचा उपयोग कसा होतो, ते एका उदाहरणावरून पाहू. एका शेतकऱ्याच्या घरी पीक विम्याचा अर्ज भरावयाचा होता. दुसरा दिवस अखेरचा होता. संगणक सुरू करताच पडदा पिवळा दिसू लागला आणि पांढऱ्या कागदासारखे पान हळदीत बुडविल्यासारखे झाले. वडील नवा पडदा आणण्यासाठी पारनेरला निघाले. तेव्हा त्यांची सातवीतील मुलगी म्हणाली, “आबा, जाण्याआधी केबल तर पाहू या. निळा रंग तेवढा येत नाहीसे दिसते.” तिने संगणक बंद केला, केबल काढली, तिच्या टाचण्या सरळ असल्याची खात्री केली, ती पुन्हा बसवली आणि दोन्ही बाजूंचे स्क्रू आवळले. पडदा पूर्ववत पांढरा झाला. नव्या पडद्याचा खर्च वाचला आणि दिवसही वाचला.

दोष पडद्यात आहे की संगणकात, हे ठरविण्याची आणखी एक सोपी कसोटी आहे. कळफलकावर ‘प्रिंट स्क्रीन’ नावाची कळ असते. तिच्या साहाय्याने पडद्यावरील चित्राची नक्कल संगणकात टिपता येते. ही नक्कल केबलपर्यंत पोहोचण्याआधीच्या चित्राची असते, हे ध्यानात ठेवावे. ती दुसऱ्या संगणकावर अथवा फोनवर उघडून पाहावी. नकलेतही डाग दिसला, तर दोष संगणकाच्या आत आहे. नक्कल स्वच्छ असेल, तर दोष बहुधा केबलमध्ये किंवा पडद्यात आहे. मात्र फोनने पडद्याचे छायाचित्र काढल्यास ही कसोटी होत नाही. कारण छायाचित्रात पडद्याचा दोषही उतरतो.

आता असे समजा की, पडद्यावरील बाकी सर्व ठीक आहे. केवळ इंटरनेटवरील एखादे पान विस्कटलेले दिसते. मग संशय ब्राउझरवर किंवा त्या पानावर घ्यावा लागतो. इंटरनेटवरील पान आपल्याकडे चित्ररूपाने येत नाही. मजकूर आणि तो कसा मांडावा याच्या सूचना येतात. त्या वाचून पान रचण्याचे काम ब्राउझर करतो. ब्राउझरला मराठीत ‘न्याहाळक’ असेही नाव सुचविले गेले आहे. पहिला ब्राउझर टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधनसंस्थेत तयार केला. १९९३ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात ‘मोझेक’ हा ब्राउझर तयार झाला. मजकुराच्या शेजारीच चित्रे दाखविल्यामुळे तो लोकप्रिय झाला. १९९५ मध्ये आलेला ‘इंटरनेट एक्सप्लोरर’ एके काळी जगभर वापरात होता. १५ जून २०२२ रोजी त्याचा आधार बंद करण्यात आला. आज ‘सफारी’, ‘फायरफॉक्स’, ‘क्रोम’ व ‘एज’ ही नावे आपल्या परिचयाची आहेत.

नावे अनेक असली, तरी पान रचणारी आतील इंजिने थोडीच आहेत. क्रोमचे इंजिन ‘ब्लिंक’, फायरफॉक्सचे ‘गेको’ आणि सफारीचे ‘वेबकिट’. २०२० पासून एजही क्रोमच्याच इंजिनावर चालतो. यावरून एक उपयुक्त नियम निघतो. क्रोममध्ये बिघडलेले पान एजमध्ये उघडून पाहणे म्हणजे एकाच घरातील दोन भावांची साक्ष घेणे होय. खरी दुसरी साक्ष हवी असेल, तर फायरफॉक्सला विचारावे. तेथे पान नीट दिसले, तर दोष पहिल्या ब्राउझरशी निगडित आहे. मग त्याने साठवून ठेवलेली जुनी माहिती पुसावी व त्याची नवी आवृत्ती घ्यावी. सर्वत्र पान विस्कटले, तर दोष बहुधा पानातच आहे. तेथे आपला संगणक निर्दोष होय.

मराठी अक्षरांच्या बाबतीत ही तपासणी अधिक महत्त्वाची आहे. संगणक अक्षरे ओळखतो ती क्रमांकांनी. जगातील लिप्यांना असे क्रमांक देणाऱ्या पद्धतीस ‘युनिकोड’ म्हणतात; तिची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. तीत ‘क’चा क्रमांक २३२५ आहे. ब्राउझर क्रमांक वाचतो, अक्षरसंचातून आकृती घेतो आणि जोडाक्षरांचे नियम लावतो. अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसले, तर अक्षरसंचात त्या आकृत्या नाहीत. रोमन अक्षरांची व चिन्हांची निरर्थक रांग दिसली, तर क्रमांक भलत्याच पद्धतीने वाचले गेले आहेत. अक्षरे बरोबर असून जोडाक्षरे सुटी पडली, तर जोडणीचा नियम लागलेला नाही. लक्षणे तीन आणि कारणेही तीन.

मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. ‘आचार्यांना’ बोलाविले म्हणजे गुरुजन येतील; ‘आचाऱ्यांना’ बोलाविले म्हणजे स्वयंपाकी येतील! या अर्ध्या ‘ऱ’साठी युनिकोडमध्ये २३५३ हा स्वतंत्र क्रमांक आहे. ज्या घराचे आडनाव ‘गोऱ्हे’ आहे, त्याच्या अर्जात हे अक्षर चुकीचे टंकले गेले, तर सातबारावरील नाव व अर्जावरील नाव जुळणार नाही. म्हणून नाव मोडके दिसताच ते दुसऱ्या ब्राउझरमध्ये व फोनवर पाहावे. तेथे नाव शुद्ध दिसले, तर लिहिलेले बरोबर असून केवळ दाखविण्यात दोष आहे. सर्वत्र अशुद्ध दिसले, तर टंकलेखनातच चूक असण्याचा संभव अधिक. नाव पुन्हा काळजीपूर्वक लिहावे.

मग सर्वांत चांगला ब्राउझर कोणता? या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच्या तोंडून घेऊ नये. एकच पान, एकाच संगणकावर, एकाच जोडणीवर, पाठोपाठ दोन ब्राउझरांत उघडावे. पान किती वेळात उघडले, मराठी अक्षरे शुद्ध उमटली काय, छापलेला अर्ज नीट आला काय, हे वहीत लिहावे. असे चारपाच वेळा केल्यावर जे दिसेल, ते आपल्या घरापुरते खरे उत्तर होय.

तपासणी करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. केबल, ब्राउझर व अक्षरसंच ही तिन्ही एकदम बदलली आणि पडदा सुधारला, तर दोष कोणाचा होता हे कधीच कळणार नाही. आणि तो पुन्हा उद्भवला म्हणजे आपण पूर्वीइतकेच अज्ञानी असू. एवढे करूनही दोष सापडला नाही, तरी श्रम वाया जात नाहीत. आपण काय पाहिले, काय बदलले व त्याने काय झाले, हे कारागिराला नीट सांगता येते. जो दोषाचे ठिकाण सांगू शकतो, त्याचे काम लवकर होते आणि त्याला कोणी सहसा फसवू शकत नाही.