नोगुचींची तिपाई (लेखांक ७)

मागच्या आठवड्यात लाकडाच्या सांध्यांविषयी लिहिलं होतं. आज ज्यांनी एका सांध्यावर अख्खं टेबल उभं केलं, त्या शिल्पकार इसामू नोगुचींविषयी.

आपण ज्याला टीपॉय म्हणतो, त्या शब्दाच्या मुळाशी तिपाई आहे. घरोघरच्या टीपॉयला पाय मात्र बहुधा चार असतात. नोगुचींचं टेबल खरोखरची तिपाई आहे. सारख्याच आकाराचे दोन वळणदार लाकडी तुकडे, एक सुलटा आणि एक उलटा. मधे एक खीळ. वर पाऊण इंच जाडीची काच. काच नुसती ठेवलेली असते, तिचं वजनच तिला जागेवर धरतं. टेकू तीन असले की डुगडुगायचा प्रश्नच येत नाही. तीन दगडांच्या चुलीवर पातेलं ठेवणाऱ्या प्रत्येक बाईला हे ठाऊक असतं.

या टेबलामागे एक सल आहे. नोगुचींनी एका सजावटकाराला छोट्या टेबलाचा नमुना करून दिला होता. पुढे त्याची बदललेली आवृत्ती त्यांना थेट जाहिरातीत दिसली. विचारल्यावर उत्तर मिळालं, तीन पायांचं टेबल कोणीही करू शकतो. ती जाहिरात दिसली तेव्हा ते ॲरिझोनातल्या पोस्टन छावणीत होते. १९४२ साली अमेरिकेने पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं. न्यूयॉर्कला राहणाऱ्या नोगुचींवर ती सक्ती नव्हती. तिथल्या लोकांसाठी बागा आणि मैदानं करू, म्हणून ते आपणहून गेले. आराखडे कागदावरच राहिले आणि बाहेर पडायला सात महिने लागले. परतल्यावर त्यांनी स्वतःचं टेबल नव्याने घडवलं. १९४७मध्ये हर्मन मिलर कंपनीने ते बाजारात आणलं.

जन्म १९०४चा, लॉस एंजलिसमधला. वडील जपानी कवी योने नोगुची, आई अमेरिकन लेखिका लिओनी गिल्मर. बालपण जपानात गेलं. आईने मुलाला तिथल्या सुताराच्या हाताखाली ठेवलं, आणि माझ्या मते पुढचं सगळं त्या शिकवणीतून आलं. १९२७ साली पॅरिसला शिल्पकार ब्रांकुशींकडे ते दगड घडवायला शिकले. १९३५मध्ये मार्था ग्रॅहमच्या नृत्यासाठी त्यांनी रंगमंचावर कुंपणाचा तुकडा आणि दोन ताणलेले दोर एवढंच ठेवलं, आणि त्यातून अमेरिकेतला अफाट मोकळा प्रदेश उभा राहिला. १९३७मध्ये त्यांनी बाळाच्या खोलीतला आवाज दुसऱ्या खोलीत ऐकवणारं बेकलाइटचं यंत्र घडवलं.

पण मला सर्वांत जवळचे वाटतात ते त्यांचे 'आकारी' दिवे. १९५१ साली ते जपानमधल्या गिफू गावी गेले. तिथला कंदिलांचा धंदा उतरणीला लागला होता, आणि महापौरांनी त्यांच्याकडे मदत मागितली. लाकडी साच्याभोवती बांबूची बारीक कामटी गोल गुंडाळायची, तिच्यावर तुतीच्या सालीचा कागद चिकटवायचा आणि वाळल्यावर साचा सुटा करून आतून काढून घ्यायचा. दिवाळीत कामट्यांचा आकाशकंदील केलेल्यांना यातलं कौशल्य लगेच कळेल. नोगुचींनी त्यात विजेचा दिवा बसवला आणि शंभरांवर आकार घडवले.

१९८६मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात ते अमेरिकेचे प्रतिनिधी होते. तिथे त्यांनी हे कागदी दिवे शिल्प म्हणून मांडले, शेजारी संगमरवरी घसरगुंडी ठेवली आणि प्रदर्शनाला नाव दिलं 'शिल्प म्हणजे काय?' वापरातल्या वस्तूला दुय्यम मानणाऱ्यांना याहून चोख उत्तर मला माहीत नाही.

३० डिसेंबर १९८८ रोजी ते गेले. गिफूमध्ये आकारी दिवे आजही हातानेच होतात.

पुढच्या लेखांकात जॉर्ज नाकाशिमा आणि पाँडिचेरीतली 'गोलकोंड' इमारत.