अंबरनाथचे शिलाद्वार

फ्रान्समधील म्वासाक येथील मठाच्या चर्चचा अभिषेक 1063 साली झाला आणि त्याचे रोमनेस्क शैलीतील कोरीव द्वार पुढच्या शतकात घडले. त्याच सुमारास, कल्याणपासून हाकेच्या अंतरावर, वालधुनीच्या काठी उत्तर कोकणच्या शिलाहारांचे शिवालय काळ्या बेसॉल्टमध्ये आकारास येत होते, ही गोष्ट ठाणे जिल्ह्यातील किती रहिवाशांच्या ध्यानी असेल!

भूमिज शैलीच्या या देवालयास पश्चिम, उत्तर व दक्षिण अशा तीन दिशांना मुखमंडप आहेत. त्यांपैकी उत्तरद्वाराचे महत्त्व विशेष, कारण त्याच्या तुळईच्या आतल्या बाजूस शिलाहार नृपती माम्वाणिराजाच्या काळाचा शके 982, म्हणजे इसवी सन 1060 चा शिलालेख आहे. कोण्या दरबारी दप्तरात नव्हे, तर भक्ताच्या मस्तकावरच हा मजकूर नोंदलेला आहे. म्वासाकच्या द्वारी शिल्पकाराने ख्रिस्ताचे वैभव प्रवेशापूर्वीच डोळ्यांपुढे मांडले. आपल्याकडे मात्र अलंकृत सभामंडपातून पुढे जाणारा माणूस गर्भगृहाच्या दारातून पायऱ्या उतरत खाली काळोखातील शिवलिंगापाशी पोहोचतो, आणि माझ्या मते ही योजना अधिक गहन आहे.

1868 साली सरकारी हुकमावरून मुंबईच्या कलाशाळेतील मंडळींनी येथील शिल्पांची आरेखने केली व साचे घेतले. बेसॉल्ट कठीण असला तरी अक्षय नव्हे. म्हणून महाशिवरात्रीच्या गर्दीत दर्शनास जाणाऱ्यांनी द्वारावरील कोरीव कामास तेल, शेंदूर वा हात लावू नये, एवढी कळकळीची विनंती.