रुमालात बांधलेलं राज्य

नोव्हेंबर १८१७मध्ये शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. इंग्रज अधिकारी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या हाती मुलूख आला, पण त्या मुलखाची माहिती काही आली नाही. कुठल्या गावचा वसूल किती, इनाम कुणाचं, सरंजाम कशाबद्दल, कोणत्या देवस्थानाला वर्षासन किती, या सगळ्याची उत्तरं मोडी लिपीतल्या कागदांत होती आणि ते कागद उलगडून दाखवणारे कारकून कालपर्यंत पेशव्यांचे नोकर होते. एल्फिन्स्टनने दफ्तर ताब्यात घेतलं आणि कॅप्टन मॅक्लिऑड या आपल्या साहाय्यकाला त्या कामावर नेमलं. इतिहासाच्या ओढीने नव्हे, वसुलीसाठी. पुण्यात कौन्सिल हॉलच्या परिसरातल्या दगडी इमारतीत आज जे ‘पेशवे दफ्तर’ म्हणून उभं आहे, ते टिकलं ते या व्यवहारी गरजेपोटी.

या इमारतीचं सरकारी नाव पुणे पुरालेखागार. जुने लोक तिला अजून ‘एलिएनेशन ऑफिस’ म्हणतात. आत मोडी कागदांचे सुमारे ३५ हजार रुमाल आहेत आणि त्यांतले कागद काही कोटींच्या घरात जातात. रुमाल म्हणजे चौकोनी कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा. चार टोकं आवळून गाठ मारली की धूळ आत जात नाही, हवा मात्र खेळती राहते. साधी युक्ती आहे, पण दोन-तीनशे वर्षं निभावली आहे.

खुद्द कागदही टिकाऊ. जुन्नर आणि दौलताबादचा हातकागद चिंध्या आणि तागासारख्या धाग्यांच्या लगद्यापासून बनायचा. त्यावर काजळीची शाई आणि बोरूचं लेखन. काजळी म्हणजे निव्वळ कोळसा, तो उजेडाने उडत नाही. म्हणून नानासाहेब पेशव्यांच्या काळातलं पान आजही काळंभोर दिसतं, आणि त्याच्या शंभर-सव्वाशे वर्षांनंतरचं गिरणीच्या कागदावरचं इंग्रजी पत्र घडीवर तुटतं. गिरणीच्या लगद्यातलं आम्ल कागदाला आतून खातं. पुरालेखागाराच्या दुरुस्ती विभागात अलीकडचाच कागद जास्त आजारी असतो तो यामुळे.

पण कागद टिकला म्हणून दफ्तर होत नाही. तो हवा तेव्हा हाती आला पाहिजे. पेशव्यांच्या हुजूर दफ्तराचं मोठेपण इथे आहे. फडावर, म्हणजे पेशव्यांच्या कचेरीत, रोज जे घडे, म्हणजे दिलेली सनद, सुटलेला हुकूम, खजिन्यातून गेलेली रक्कम, ते त्या त्या दिवशी ‘रोजकीर्दी’त चढे. रोजकीर्द दिवसावार असल्याने एखाद्या पागेवर वर्षभरात किती खर्च झाला, हे तिच्यातून चटकन कळत नसे. त्यासाठी तोच मजकूर बाबवार लावून ‘घडणी’ होई. सगळ्या खात्यांचे हिशेब पुण्याच्या ‘एकबेरीज’ दफ्तरात जमा होत आणि तिथे वर्षाचा जमा-खर्च-शिल्लक गोषवारा, म्हणजे ‘तर्जुमा’, तयार होई. कमाविसदाराला, म्हणजे परगण्याच्या वसुली अधिकाऱ्याला, सालाच्या आरंभी अंदाजाचा ‘बेहेडा’ हाती मिळे आणि अखेरीस त्याला आपल्या हिशेबासह हुजुरात जबाब द्यावा लागे.

परिणामी एकच व्यवहार तीन-चार ठिकाणी नोंदलेला असे. कुणी खोटी सनद घेऊन आला तर तिची तारीख पाहून त्या दिवशीची रोजकीर्द काढायची. तिथे नोंद नसेल तर सनद संशयित. कागदावर शेवटी ‘रुजू’, ‘बार’ असे शेरे मारलेले दिसतात. हा कागद तपासला, हा दफ्तरात नोंदला, असं ते सांगतात. आपल्या कचेऱ्यांतला आवक-जावक क्रमांक तेच काम करतो.

अर्थात तारीख वाचता आली तर. दफ्तरातलं साल बहुधा शुहूर सनाचं आणि अरबी आकड्यांत असतं. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार: ११६१. हे साल मृगाच्या आसपास पालटतं, कारण शेतीचा आणि वसुलीचा हिशेब पावसाबरोबर चालतो. त्यात मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि पुढच्या महिन्यांत ६०० मिळवायचे. जानेवारीचा कागद असेल तर उत्तर येतं १७६१, पानिपतचं साल. महिना मात्र हिजरी चांद्र असतो आणि तिथीआधी ‘छ’ हे अक्षर असतं. एका ओळीत शेतकऱ्याचं साल आणि चंद्राचा महिना. मोडी शिकणाऱ्याचे पहिले एक-दोन महिने या जंत्रीतच जातात.

नाना फडणिसांच्या काळात ही व्यवस्था चोख होती आणि दुसऱ्या बाजीरावाच्या काळात ढिली पडली, असं एल्फिन्स्टनने आपल्या अहवालात नोंदवलं आहे. जेत्याने हरलेल्याबद्दल लिहिलेलं म्हणून ते जपूनच वाचावं. पण ज्याला त्या कागदांवरून राज्य चालवायचं होतं, त्याला खंड कुठे आहेत हे नेमकं बोचणारच.

पुढे या दफ्तराचा उपयोग हत्यारासारखा झाला. १८४३पासून सुरू झालेल्या आणि १८५२च्या कायद्याने बळकट झालेल्या इनाम कमिशनने जमीनधारकांकडे हक्काचे पुरावे मागितले. इनामदार सनद दाखवी, कारकून रुमाल सोडी. दफ्तरात आधार सापडला तर इनाम राही, नाही तर जमीन दस्ताच्या धाऱ्याखाली येई. पडताळ्यासाठी परगण्यांतल्या देशमुख-देशपांड्यांची जुनी दफ्तरंही गोळा केली गेली आणि ती ‘जमाव’ या नावाने इथेच विसावली. कित्येक घराण्यांचा राग या चौकशीने पेटला. पण महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांचा जो सर्वांत बारीक इतिहास आज हाताशी आहे, तो याच जप्तीच्या कामातून एका छताखाली आला.

इनामांचा निकाल लागल्यावर सरकारला नवी धास्ती वाटली. दफ्तर खुलं केलं तर नवे दावे उभे राहतील! अभ्यासकांना दार जवळजवळ बंद राहिलं. इतिहाससंशोधक राजवाडे गावोगावच्या वाड्यांतून आणि माळ्यांवरून कागद गोळा करत होते, त्याच काळात पुण्यातला हा डोंगर कुलपाआड होता. त्यातून पहिली मोठी वाट काढली ती गणेश चिमणाजी वाड यांनी. त्यांनी रोजकीर्दींतून निवडलेले उतारे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात खंडांच्या रूपाने छापले गेले. न्यायमूर्ती रानड्यांनी या रोजनिश्यांवर लिहिताना लढायांपलीकडचा कारभार, करपद्धती आणि समाज याकडे बोट दाखवलं होतं.

मग आले गोविंद सखाराम सरदेसाई. बडोद्याची नोकरी संपवून कामशेतला राहायला आलेल्या रियासतकारांवर मुंबई सरकारने दफ्तर चाळण्याचं काम सोपवलं. पाठीशी इतिहासकार जदुनाथ सरकारांचा आग्रह होता. १९३० ते १९३४ या काळात ‘पेशवे दफ्तरातून निवडलेले कागद’ या मालेचे ४५ खंड बाहेर पडले. त्यांत साडेआठ हजारांहून अधिक कागद आहेत. मराठ्यांच्या इतिहासावर लिहिणाऱ्याचं पान आजही या खंडांवाचून हलत नाही.

तरी हिशेब मांडून पाहा. काही कोटींतले साडेआठ हजार! सरदेसायांच्या समोर राजकारणाचे प्रश्न होते, त्यामुळे मोहिमा, वकिलांची पत्रं, घरभेद हे वर आलं. बैलांची किंमत, गावच्या सीमेचा तंटा, बलुत्याची वाटणी, पंचायतीसमोरचा गोतमहजर हे रुमालातच राहिलं. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवर लिहिलं, जपानच्या हिरोशी फुकाझावांनी दख्खनच्या शेतकऱ्याचा आणि जातिव्यवस्थेचा शोध घेतला, तेव्हा दुसरेच रुमाल सुटले. कागद तेच होते, विचारणारा बदलला. मूळ लावणी मोडली नव्हती म्हणून हे जमलं. निवडीपुरते कागद ठेवून बाकीचा ‘कचरा’ कुणी काढला असता, तर पुढच्या प्रश्नांना उत्तरच उरलं नसतं.

ताजा प्रश्न २०२३ सालचा आहे. मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि महाराष्ट्रभर तहसील कचेऱ्या, शाळा, भूमी अभिलेख यांच्या खोल्यांची कुलपं निघाली. जन्म-मृत्यूचे जुने नमुने, शाळेचे दाखले आणि त्यांतलं कितीतरी मोडीत. काल ज्यांना कुणी विचारत नव्हतं, त्या मोडी वाचकांना एकाएकी मागणी आली. जिथे नोंदवह्या सालवार, गाववार लावलेल्या होत्या तिथे काम दिवसांत झालं; जिथे पोती भरून ठेवली होती तिथे माणसं पोत्यांत बसली.

आजच्या कचेरीतही नियम आहेतच. ‘सहा गठ्ठे पद्धत’ कुठल्याही कारकुनाला पाठ असते. निकाली कागदाची वर्गवारी ठरते: ‘अ’ कायमचा, ‘ब’ तीस वर्षांचा, ‘क’ त्याहून कमी, आणि ‘ड’ वर्षभरात नष्ट करण्याचा. २००५च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यात कागद बेकायदा नष्ट करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहेत. त्याच साली आलेल्या माहिती अधिकार कायद्याचं चौथं कलम सूची करून अभिलेख ठेवायला सांगतं. एवढं असूनही अर्जदाराच्या हाती ‘संचिका आढळून येत नाही’ हे उत्तर पडतं, कारण अभिलेख कक्षाचं काम बढतीचं मानलं जात नाही. तिथे बदली म्हणजे शिक्षा अशीच समजूत आहे.

स्कॅनिंगने हे सुटेल असं आता सगळीकडे सांगितलं जातं. स्कॅन हवंच, निदान मूळ पानाची हाताळणी कमी होते. पण लाखो मोडी पानांची चित्रं कुठल्या रुमालातली, कुठल्या सालाची, कुठल्या प्रांताची, ही नोंद नसेल तर पोत्याच्या जागी हार्ड डिस्क येते, एवढंच. रोजकीर्दीवरून घडणी करणारा माणूस इथेही लागतोच, आणि त्याला मोडी, जंत्री आणि त्या काळची कारभाराची रीत तिन्ही यावी लागतात. असा माणूस दोन महिन्यांच्या वर्गात तयार होत नाही. त्याच्यासाठी कायमची जागा, पगार आणि बढतीची वाट सरकारने मंजूर करावी लागते. फडणिसांच्या फडाला हे खर्चाचं काम आहे हे माहीत होतं, आणि त्यांनी तो खर्च केला होता.