सेवा आणि जाहिरात

सेवा करावी ही भावना थोर आहे. पण सेवेचीच जाहिरात होऊ लागली की काय घडते, हे पाहावयाचे असेल तर कंबोडियाकडे पाहावे.

युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलियातील अनेक तरुण परदेशी जाऊन काही आठवडे समाजसेवा करतात. कोठे जावे, हे ते पुष्कळदा इंटरनेटवर ठरवतात. तेथे हसऱ्या अनाथ मुलाचे छायाचित्र दिसते. विहीर खणण्याच्या कामापेक्षा ते मनाला लवकर भिडते. तरुण पैसे भरतो, जातो, मुलांना कडेवर घेऊन छायाचित्र काढतो व मित्रांना दाखवतो. तेच पुढच्या प्रवाशासाठी जाहिरात ठरते!

आपण विचाराल, यात वाईट काय? मागणी तसा पुरवठा, हा अर्थशास्त्राचा नियम येथे मुलांना लागू झाला. कंबोडियातील यादवी युद्ध १९९०च्या दशकातच संपले होते. तरीही २००५ ते २०१० या काळात तेथील अनाथालये सुमारे ७५ टक्क्यांनी वाढली. युनिसेफच्या साहाय्याने झालेल्या पाहणीत आढळले की, तेथील दर चार मुलांपैकी सुमारे तिघांची आई किंवा वडील हयात होते.

मग ही मुले आली कोठून? गरीब घरांतून. पोटभर जेवण मिळेल, शाळा मिळेल, या आशेने आईबापांनी ती पाठवली. घराण्यात कॉलेजची पायरी प्रथमच चढणाऱ्या माझ्यासारख्या मुलीला त्या आईबापांना दोष देववत नाही. दोष आहे तो त्यांच्या आशेचा व्यापार करणाऱ्यांचा. काही ठिकाणी मुलांना मुद्दाम दैन्यात ठेवतात, कारण दैन्य दिसले की देणगी वाढते. पाहुणी ताई येते, लळा लावते आणि निघून जाते. मूल पुन्हा पोरके होते.

याविरुद्ध आवाजही उठला. ‘मुले ही प्रेक्षणीय स्थळे नव्हेत’ अशी मोहीम २०११ मध्ये कंबोडियात निघाली. ऑस्ट्रेलियात २०१८ साली आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा झाला, त्या निमित्ताने अनाथालयांसाठी होणाऱ्या मुलांच्या व्यापाराची दखल तेथील संसदेने घेतली.

म्हणून जाहिरातीला भुलण्यापूर्वी प्रत्येकाने तीन प्रश्न विचारावेत. या मुलाचे आईबाप कोठे आहेत? माझे पैसे कोणाच्या हाती पडतात? हे काम तेथील माणूस करू शकत नाही काय? मुलाला आपल्याच घरी राहून शाळेत जाता यावे, यासाठी दिलेली मदत छायाचित्रात फारशी उठून दिसत नाही. पण खरी सेवा तीच.